गरोदर बायांना आत घ्या

नदीकाठच्या बोका दे ताना गावात यिर्लेसा इनेस्त्रोसाला सगळे डॉक्टर म्हणायचे. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. आरोग्य खात्यानं नदीकाठच्या दर गावातून एक माणूस प्रशिक्षणाला मागितला, तेव्हा गावाची बैठक बसली आणि बैठकीत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. पुरुष म्हणाले, आम्हाला रानात कामं आहेत. बायका म्हणाल्या, आम्हाला पोरं आहेत. यिर्लेसाला तेव्हा रान नव्हतं, पोर नव्हतं आणि अक्षर बरं होतं. एवढ्या भांडवलावर ती निवडून आली. आमच्याकडे महापौरसुद्धा याहून मोठ्या भांडवलावर निवडून येत नाही.

शहरातून ती परत आली ती एक निळी पिशवी आणि एक रबरी बाहुला घेऊन. बाहुल्याला डोकं आणि छाती एवढंच होतं. बंद पडलेलं काळीज कसं दाबायचं, श्वास कसा फुंकायचा, हे त्याच्यावर शिकवायचं. गावानं त्याचं नाव लगेच 'महापौर' ठेवलं. तोंड सदा उघडं आणि हात मुळीच नाहीत, म्हणून.

मग तिनं शाळेत वर्ग घेतला. घरोघरी जाऊन सांगून आली की सगळ्यांनी या, बायांनी या, बाप्यांनी या, म्हाताऱ्यांनी या. बायका आल्या, काही शिकायला आल्या, बऱ्याचशा महापौराचा मुका कोण घेतं ते बघायला आल्या. पुरुष आले ते शाळेच्या ओसरीपर्यंत. तिथं त्यांनी फळी मांडली आणि डॉमिनोचा डाव टाकला. सोंगट्यांचा असा कडकडाट चालला होता की आत यिर्लेसाला ओरडून शिकवावं लागत होतं.

त्या डावात सगळ्यांत मोठा आवाज तिच्या नवऱ्याचा होता. आर्नोबियो उंच, देखणा आणि जरा फुशारक्या मारणारा. बायको दारात येऊन म्हणाली, "आर्नोबियो, निदान तू तरी आत ये. लोकं काय म्हणतील?"

"लोकं म्हणतील, नशीबवान आहे," तो सोंगटी आपटत म्हणाला. "अगं, घरात होडी असली की शेजारची होडी मागायला जातो का कुणी? तुला येतं म्हणजे मला आलंच की."

"आणि मी घरात नसले तर?"

"तू जाणारेस कुठं?" तो म्हणाला, आणि ओसरीवर हशा पिकला.

हे फक्त आर्नोबियोचंच म्हणणं होतं असं नाही. सगळ्या गावाचं तेच म्हणणं होतं. गावात एकाला येतं ना, मग झालं. घंटा वाजवणारा एक, जाळी विणणारा एक, मेलेल्यासाठी रात्रभर गाणारी एक, तशी जखम बांधणारी एक. सगळ्यांनीच घंटा वाजवायला शिकलं तर चर्चमध्ये मिस्साला बसणार कोण?

आणि यिर्लेसा खरंच कामाची निघाली. लाकूड तोडताना कोयता मांडीत घुसलेल्या माणसाचं रक्त तिनं नुसतं दाबून धरून थांबवलं. जुलाबानं सुकलेल्या पोरांना मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजून उभं केलं. भाजलेल्या हातावर कॉफीचा चोथा थापायला निघालेल्या आईच्या हातातून भांडं हिसकावून घेतलं आणि पोराचा हात गार पाण्यात धरून बसली. तेव्हा लोक म्हणायला लागले, यिर्लेसाचा हात चांगला आहे.

आता नीट बघा, लोकांनी काय केलं ते. तिला येतं, असं म्हणाले नाहीत. हात चांगला आहे, म्हणाले. येत असेल ते शिकता येतं. चांगला हात वरून मिळतो. कुणाच्या वाट्याला सुरेल गळा येतो, तसा हिच्या वाट्याला हात आला. मग शिकायची कटकटच मिटली. आणि खोटं कशाला बोला, यिर्लेसालाही ते आवडत होतं. ती वाटेनं चालली की म्हाताऱ्या उठून उभ्या राहायच्या, कुणी मासे आणून द्यायचं, कुणी पोराचं नाव काय ठेवू म्हणून विचारायचं. पहिल्या वर्गानंतर तिनं दुसरा वर्ग घेतलाच नाही. महापौर घरात माळ्यावर गेला आणि तिथं त्याच्या तोंडात कोळ्यानं जाळं केलं.

मग लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, आता काही व्हायचं नाही असं सासू दोन्या क्रेसेन्सिया उघड बोलू लागल्यावर, यिर्लेसाला दिवस गेले. आर्नोबियोनं गावभर विचे वाटली. विचे म्हणजे आमची उसाची घरची दारू. जन्माला, मरणाला, खोकल्याला आणि जखमेला चालते. गाव खूश झालं. आणि त्या दिवसापासून गावातली डॉक्टर अर्धी झाली, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

कारण आमच्या नदीवर एक्विस नावाचा साप आहे. पाठीवर फुल्या-फुल्या असतात. पाचोळ्यात पडला की पाचोळाच. आणि एक्विस चावलेल्या माणसाला गरोदर बाईनं बघायचं नसतं. तिच्या पोटात जीव वाढत असतो, त्याच्याबरोबर चावलेल्याच्या अंगातलं विषही वाढतं, असं म्हणतात. कोण म्हणतं, ते कुणी विचारत नाही. चावलेल्या माणसाला बंद घरात ठेवायचं, खिडक्या लावायच्या, आणि पोटुशी बाई त्या वाटेनंसुद्धा फिरकू द्यायची नाही. प्रशिक्षणात शिकवणारी बाई या गोष्टीवर हसली होती, तेव्हा यिर्लेसाही हसली होती. शहरात हसणं सोपं असतं.

त्या सकाळी ती स्वयंपाकघरात बसून मासे साफ करत होती. पोट एवढं आलं होतं की पाटी मांडीवर बसेना. नदीकडून आरोळी आली.

"गरोदर बायांना आत घ्या! ए, गरोदर बायांना आत घ्या!"

आवाज लिबार्दोचा होता, आर्नोबियोच्या चुलतभावाचा. दोघं सकाळी एकाच होडीतून केळीच्या रानात गेले होते. यिर्लेसाच्या हे ध्यानात यायला हवं होतं. पण ती आरोळी लहानपणापासून रक्तात गेलेली. आईच्या परकराला धरून चालायची तेव्हापासून ती ऐकत आली होती, पोटुश्या बाया कशा हातातलं टाकून आत पळतात ते बघत आली होती. हात डोक्याच्या आधी हलले. तिनं उठून दार लावलं, खिडकीची फळी पाडली आणि सुरी हातात तशीच धरून अंधारात बसली.

बसल्यावर मग डोकं चालायला लागलं. कुणाला तरी एक्विस चावलाय. काय करायचं? आडवं निजवायचं. पाय हलू द्यायचा नाही, दोन्ही बाजूंनी लाकडाच्या खपच्या लावून धरायचा. दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, दारू पाजायची नाही. आणि जशी होडी मिळेल तशी त्याला शहरातल्या दवाखान्यात पोचवायचं, कारण उतारा फक्त तिथंच आहे. तिला सगळं पाठ होतं. अंधारात बसून तिनं सगळा पाठ म्हटला.

मग तिनं फळीला तोंड लावून शेजारणीला हाक मारली. नेल्फा तिची कोमाद्रे. नेल्फाच्या धाकट्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी हिनंच हातात धरलं होतं.

"कोमाद्रे! कोण आहे गं?"

बाहेर पावलं थांबली. "कुणी नाही, कोमाद्रे. तू बस."

"कुणी नाही म्हणजे? साप हवेला चावला का?"

"नदीच्या वरच्या अंगाचा आहे कुणीतरी. तू नको जीवाला लावून घेऊ."

"बरं, मग त्यांना सांग, दोरी बांधू नका म्हणावं. ऐकलंस? दोरी नको. आणि लगेच होडीत घाला म्हणावं."

"सांगते हं," नेल्फा म्हणाली आणि गेली. तिनं सांगितलं नाही. तिला वाटलं, या क्षणी यिर्लेसाचं नाव त्या घरात काढलं तरी पोट आठवेल सगळ्यांना.

यिर्लेसा बसून राहिली. किती वेळ ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. मासे तापायला लागून वास सुटला, एवढा.

मग मागचं दार उघडलं आणि सासू आत आली. तोंड भिंतीकडे, डोक्यावरच्या फडक्याचा शेव डोळ्यांवर, अशी खेकड्यासारखी तिरपी चालत दोन्या क्रेसेन्सिया पेटीपाशी गेली.

"पांढरा सदरा कुठं ठेवलाय?"

"कुणाचा?"

म्हातारी पेटीतले कपडे वरखाली करत राहिली. पेटीचं झाकण तिच्याच बोटांवर पडलं, तरी ओरडली नाही.

त्या घरात पांढरा सदरा एकच होता, आर्नोबियोचा. आणि मेलेल्याला पांढराच घालतात.

यिर्लेसा उठली. सासू दारात आडवी झाली, तिला तिनं हातानं बाजूला केलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. निळी पिशवी खुंटीवरून ओढून ती पोट सावरत निघाली, आणि तिला बघून वाटेतल्या बायकांनी आपापली पोरं अशी उचलून घेतली जशी काही वाटेनं एक्विसच चाललाय.

आर्नोबियोला निकोमेदेसकाकाच्या घरी ठेवलं होतं. निकोमेदेस सापाचं बघायचा. बाटल्यांत मुळ्या भिजवून ठेवायचा, मंत्र बापाकडून आले होते. म्हातारा वाईट नव्हता. त्याच्या हातचे काही वाचले होते, काही गेले होते, आणि दोन्हींबद्दल त्याला सारखंच आश्चर्य वाटायचं. घर खांबांवर उभं, वर जायला खाचा पाडलेलं लाकूड. त्या लाकडाच्या तोंडाशी लिबार्दो उभा होता. सदऱ्याला रक्त लागलेलं.

"वहिनी, तिथंच थांब."

"बाजूला हो."

"वहिनी, हात जोडतो. मारशील त्याला."

"दोरी बांधलीय?"

लिबार्दो छाती काढून म्हणाला, "चावल्या-चावल्या बांधली. गुडघ्याखाली. होडीचीच दोरी. अशी आवळलीय की विषाचा बाप वर चढायचा नाही. आणि कोयत्यानं चिरून विचे ओतली. पाठीवर घेऊन आलो त्याला नदीपर्यंत, एकदा खाली ठेवला नाही."

त्याचे डोळे लाल झाले होते. शाबासकी मागणाऱ्या माणसाचे असतात तसे होते. यिर्लेसाला त्याला थोबाडीत मारावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं.

"सोड ती," ती म्हणाली. "हळूहळू सैल कर, लिबार्दो. आत्ता. आणि त्याला होडीत घाल."

"निकोमेदेसकाका म्हणतात, तिसरी बाटली पोटात जाईपर्यंत हलवायचं नाही."

मग ती घराखाली गेली आणि फळ्यांच्या फटींकडे तोंड करून ओरडायला लागली. आत नेल्फा होती, आणखी बायका होत्या. शाळेत महापौराला बघून हसलेल्या त्याच सगळ्या.

"नेल्फा! दोरी सोड! पाय हलू देऊ नका! विचे पाजू नका त्याला!"

आतून नेल्फाचा रडवेला आवाज आला, "अगं पण तूच शिकवलंस ना, कोमाद्रे! घट्ट बांधायचं म्हणून! शाळेत!"

"ते रक्ताचं, बाई! कोयत्याचं! ते सापाचं नाही!"

"मला काय ठाऊक कुठलं कुठलं! बाहेर डॉमिनो चालला होता, निम्मं ऐकूच आलं नाही!"

निम्मं ऐकलेल्यांनी निम्मा पाय बांधला होता. पण तेवढ्यात वरून आवाज आला. आर्नोबियो ओरडत होता. दुखतंय म्हणून ओरडत नव्हता.

"तिला घालवा! खाली आहे ती! फटीतून बघतेय! लिबार्दो, घालव रे तिला, चढतंय, मला कळतंय, चढतंय!"

फळ्यांवर त्याच्या टाचा आपटत होत्या. श्वास भात्यासारखा चालला होता. आणि यिर्लेसाला, त्या पाठ केलेल्या पाठातलंच, पुढचं वाक्य आठवलं: माणसाला घाबरू द्यायचं नाही. घाबरला की काळीज पळतं, काळीज पळालं की विष पळतं. तिचा नवरा तिला घाबरत होता. ती जितकं ओरडून त्याला वाचवायला बघत होती, तितकं त्याचं काळीज पळत होतं.

ती घराखालून बाहेर आली.

"लिबार्दो, मी जाते," ती म्हणाली. "वळून बघत नाही. पण त्याला सांग, गेली म्हणून. मोठ्यानं सांग. आणि दोरी सोड, तुझ्या आईची शपथ."

"जा वहिनी. सांगतो."

गेली म्हणून त्यानं सांगितलं. दोरी सोडली नाही. आपल्या हातानं भावासाठी केलेली एकच गोष्ट माणूस सोडणार कशी?

ती नदीच्या काठाला जाऊन उभी राहिली. ऊन माथ्यावरून कलायला लागलं, तेव्हा निकोमेदेस दारात आला. म्हाताऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "हिरड्यांतून रक्त येतंय," तो म्हणाला. "आता हे माझ्या हातचं नाही. न्या त्याला." हे त्यानं सकाळी म्हटलं असतं तर! पण सकाळी म्हणण्याइतका तो घाबरला नव्हता, आणि गावात त्याला घाई करायला लावील असं माणूस एकच होतं, ते काठावर पाठ करून उभं होतं.

त्याला चादरीत गुंडाळून आणलं, डोक्यापासून पायापर्यंत, मढ्यासारखं. होडीकडची वाट तिच्या अंगावरूनच जात होती. माणसं जवळ आली तशी तिची पाठ ताठली. चादरीखालून त्याचा आवाज आला, बारीक, लहान पोराचा असावा तसा.

"यिर्ले... बघू नकोस हं."

"नाही बघत," ती म्हणाली. "तू शांत पडून राहा. मी नाही बघत."

समोर नेल्फाच्या कोंबड्या उकिरडा उकरत होत्या. ती कोंबड्यांकडे बघत राहिली. होडीची मोटार दोनदा खोकून सुरू झाली, आवाज वळणाआड गेला, तरी ती बघतच राहिली. त्या दिवशी नवऱ्यावर तिला जो काही प्रथमोपचार करता आला तो एवढाच.

आर्नोबियो वाचला. उतारा उशिरा मिळाला, पण मिळाला. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. बाळंत झाल्यावर मुलीला छातीशी बांधून यिर्लेसा शहरात गेली, तेव्हा तिथल्या डॉक्टरनं तिला सरळ विचारलं, दोरी कुणी बांधली होती? सापानं हा पाय गेला नसता, बाई, निदान एवढा वर गेला नसता. लिबार्दो भिंतीला टेकून उभा होता. तो जमिनीकडे बघत होता.

गावात मात्र हिशेब तिच्या आधी पोचला होता. जीव वाचला निकोमेदेसच्या बाटलीनं आणि पाय गेला यिर्लेसाच्या पोटानं. अंगणात आली ना ती! घराखाली उभी राहून फटीतून बघितलं ना! विष उतरत आलं होतं, गुडघ्यापाशी होतं, तिनं बघितलं आणि अडकलं. लोक हे तिच्या तोंडावर बोलत नव्हते. पाणी भरायला ती आली की बोलणं थांबायचं, एवढंच. मासे येणं बंद झालं. चांगला हात एका दुपारीत जड झाला. दोन्या क्रेसेन्सिया नातीला मांडीवर घ्यायची तेव्हा आधी तिचे डोळे पुसायची, आईची नजर तिच्यात उतरली असेल तर निघून जावी म्हणून.

तेही यिर्लेसानं सोसलं असतं. पण आर्नोबियोसुद्धा तेच सांगायचा. कुबड्या बगलेत धरून ओसरीवर बसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारलं की म्हणायचा, "काय करणार, बायकोला राहवलं नाही. आली. बघितलं. प्रेमापोटीच हो, पण पाय गेला." आणि हसायचा. हसणं अजून देखणं होतं.

एकदा मुलगी निजल्यावर तिनं विचारलं, "तुला डॉक्टरनं काही सांगितलं नाही का? दोरीचं?"

"सांगितलं."

"मग?"

आर्नोबियो उरलेल्या मांडीवरून हात फिरवत राहिला. "लिबार्दोनं मला पाठीवर आणलं, यिर्ले. चिखलातून. एकदा खाली ठेवला नाही. त्याला काय सांगू, की तू माझा पाय खाल्लास? तो नदीत उडी घेईल."

"आणि मी?"

"तू शिकलेली आहेस," तो म्हणाला. "तुला सोसतं."

यिर्लेसानं त्यावर वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरून महापौराला खाली काढलं, तोंडातलं जाळं पुसलं आणि नवऱ्यासमोर आणून आपटलं.

"हे काय?"

"काम. रानात जायचं नाही ना आता? मग शीक."

"मी? लंगडा?"

"हे हातांनी करायचं असतं."

तो चिडला, हसला, पुन्हा चिडला. पण दिवसभर ओसरीवर बसून माणूस करणार काय? शिकला. आणि एकदा शिकल्यावर फुशारकी मारल्याशिवाय राहील तर तो आर्नोबियो कसला? डॉमिनोच्या फळीवर जाऊन तो पुरुषांना सांगू लागला, "हसा. उद्या तुम्हाला एक्विस चावेल आणि डॉक्टर पोटुशी असेल, किंवा तुमचीच बायको असेल. ती बाहेर, तुम्ही आत. मग बघणार कोण? तुमचा बाप? अरे, बायकांच्या भरवशावर हे ठेवायचंच नाही. त्यांचं पोट कधी आडवं येईल सांगता येतं का?"

हे मात्र पटलं. यिर्लेसानं घसा फोडून सांगितलं तेव्हा जे पटलं नव्हतं, ते असं पटलं. ज्या समजुतीनं आर्नोबियोचा पाय नेला तीच समजूत हाताला धरून सगळे पुरुष शाळेत आले, बाकांवर बसले, आणि सोंगट्या खिशात ठेवल्या. यिर्लेसा मागच्या भिंतीपाशी मुलीला घेऊन बसली. पुढं आर्नोबियो शिकवत होता.

"आडवं निजवायचं. पाय हलू द्यायचा नाही. चिरायचं नाही. विचे फक्त नेणाऱ्यानं प्यायची, तीही परत आल्यावर." हशा झाला. "आणि दोरी बांधायची नाही."

मधल्या बाकावरून एकानं विचारलं, "तुला तर बांधली होती की."

"बांधली होती. माझा पाय नजरेनं गेला, ते वेगळं. पण तुम्ही बांधू नका."

"पण का नाही? कारण असेल ना काहीतरी."

आर्नोबियो थांबला. मान न हलवता त्यानं नुसते डोळे बायकोकडे वळवले. मग सगळ्या माना मागं वळल्या. लिबार्दो कोपऱ्यातल्या बाकावर होता. तोच फक्त वळला नाही.

यिर्लेसाला गप्प बसता आलं असतं. नेल्फाही अशीच कारण न कळता नुसतं वाक्य घेऊन घरी गेली होती.

"दोरीच्या खाली रक्त जात नाही," ती म्हणाली. "विष तिथंच कोंडतं आणि मांस सडतं. साप चावून पाय वाचतो, दोरी बांधून वाचत नाही. कुणीही बांधली तरी. कितीही जीव लावून बांधली तरी."

आता यांच्या डोक्यात उजेड पडणार, असं तिला क्षणभर वाटलं. पुरुषांनी माना डोलावल्या. मग तो मधल्या बाकावरचा गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे नजरही टाळायची आणि दोरीही. दोन्हीपासून जपायचं." सगळ्यांना ते फार पटलं. दोन्हीपासून जपायचं, असं एकमेकांना सांगत सगळे नीट सावरून बसले.

लिबार्दो मात्र आपल्या तळहातांकडे बघत होता. दोरी आवळताना पडलेले वळ कधीच गेले होते, पण तो तिथंच बघत होता.

"लिबार्दो," यिर्लेसानं हाक मारली. "पुढं जा. खपच्या कशा लावायच्या ते तू करून दाखव."

तो उठला. दोन फळ्या आणि फडक्याच्या पट्ट्या घेऊन आर्नोबियोच्या पुढ्यात गुडघ्यावर बसला. आर्नोबियोनं उरलेला पाय लांब केला. लिबार्दोनं फळ्या लावल्या, पट्टी फिरवली, गाठ मारली. गाठ दोनदा सुटली. कुणीतरी खिदळलं. आर्नोबियो त्याच्या डोक्यावरून समोर बघत होता, चेहऱ्यावर तेच देखणं हसू, आणि कपाळावर घाम.

"आवळलं का रे?" तो हळूच म्हणाला.

"वहिनी," लिबार्दो वळून न बघताच म्हणाला. "कळायचं कसं, आवळलं की नाही ते?"

"पट्टीखाली बोट घालून बघ. सहज जायला हवं."

त्यानं बोट घातलं.

"जातंय?"

"थोडं अडतंय."

यिर्लेसानं मुलीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"सोड," ती म्हणाली. "परत बांध."